कंपनीला आधी कळलं

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

ही वही तक्रारीसाठी आहे. घरात कोणी हात लावायचा नाय.

पेपरात आलंय. सरकारने त्या मेसेजवाल्या ॲपच्या कंपनीला दंड ठोकला. दोनशे कोटींच्या वर. लोकांची माहिती इथून घेतात आणि तिथे देतात म्हणून. चहाच्या टपरीवर सगळे म्हणाले, अरे वा. मी म्हटलं, अरे वा काय, एवढे दिवस झोपले होते काय?

कारण माझ्या घरात हे चालूच आहे. आमचा दोघांत एक फोन, माझा आणि कमळाचा. असतो तिच्याकडेच. मी फक्त स्कोअर बघतो आणि ग्रुपचे मेसेज वाचतो. पंधरा दिवस झाले, उघडला की टोप. केसांचे टोप. लांब केसांचे, आखूड केसांचे, खऱ्या केसांचे, मशीनच्या केसांचे. माझं टक्कल पंचविशीपासून आहे. टोप घालतो असं मी उभ्या जन्मात बोललो नाय. मग कंपनीला माझं डोकं दिसलं कसं? कॅमेऱ्यातून. दुसरं काय? त्यातही निम्मे टोप बायकांचे. म्हणजे चोरी करतात ती पण धड नाय.

धर्मेशला दाखवलं. माझा मुलगा, एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. "बाबा, सोडा ना. डिलीट मारा." मी म्हटलं तक्रार करणार. तर म्हणे पुरावा लागतो, तारीखवार. मला कटवायला बोलला ते कळतं मला. पण मी छत्तीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काढली. शिक्षण सातवी, पण माझ्या लॉगबुकात साहेबाने कधी लाल पेन घातला नाय. लिहितो तारीखवार.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान केलं. शाळेच्या गेटवर पोलीस होता, फोन आत न्यायला बंदी. लोकं कटकट करत होती. मला बरं वाटलं. आमच्या फॅक्टरीच्या गेटवर असंच होतं. फोन जमा करा, पितळी बिल्ला घ्या, आत जा. संध्याकाळी बिल्ला द्या, फोन घ्या. मधले आठ तास माणूस माणसाशी बोलायचा.

रांगेत कमळा मधेच पायरीवर बसली. तोंड पांढरं. मी म्हटलं, "काय गो, दहा मिनिटं उभं राहवत नाय?" म्हणाली, "अवो, उपास हाय." कसला उपास विचारलं तर सांगेना. सून करिष्मा धावत पाणी घेऊन आली, पदराने वारा घालायला लागली. एवढा तमाशा कशाला करायचा चार लोकांत.

जाहिरात आज : टोप तीन. मऊ टोपी एक. टोपी घालायची थंडी अजून अंबरनाथला पडली नाय.

रविवार, २४ नोव्हेंबर

कमळा गुरुवारी बदलापूरला बहिणीकडे गेली होती, आज आली. दर तीन आठवड्यांनी जाते. कुमुदिनीकडे म्हणे धवले बसवायचे असतात. कमळा आमच्या आगरी लग्नात धवले म्हणते, विधीची गाणी. धवलारीण. आमच्या मोरिवलीत तिच्याशिवाय हळद लागायची नाय. आणि या वर्षी तुळशीचं लग्न लागल्यापासून तीन बोलावणी आली, तिन्हीला नाय म्हणाली. वर दुसऱ्याला शिकवायला बदलापूरला जाते. आल्यावर दोन दिवस झोपून. ओकारी. "तिकडचा पानी बाधतो." मग जाते कशाला? बोललो तर भिंतीकडे तोंड.

जाहिरात : प्रोटीनची पावडर. तोंडात फोड आल्यावर लावायचं मलम. माझ्या तोंडात फोड नाय.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज हद्द झाली. लिहायची लाज वाटते पण पुरावा म्हणून लिहितो. बायकांचे आतले कपडे. ते पण एका बाजूला कापसाची उशी भरलेले. फोटोसकट. माझ्या घरात सून आहे!

मी ओरडलो. करिष्माने माझ्या हातातून फोन ओढूनच घेतला. आमच्या घरात सुनेने सासऱ्याच्या हातातून कधी काही ओढलं नाय. मी म्हटलं, "ही काय पद्धत?" तर तिचे डोळे भरले. कमळा आधी हसली. "अवो, कंपनीला काय ठावं, कोनाच्या घरात काय हाय." मग उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाय. भांडी घासत असेल.

करिष्मा तिला म्हणत होती, "आई, आता तरी सांगा." मी विचारलं, काय सांगा? "काय नाय, बाबा. चहा ठेवू का?"

मंगळवार, ३ डिसेंबर

उल्हासनगरला कमलेशकडे गेलो. सिंधी पोरगा, त्याच्या बापापासून आमची ओळख. मोबाईल रिपेअर करतो. दुकान म्हणजे दीड माणसाची जागा, पण फोनमधलं त्याला सगळं येतं.

म्हटलं, "बघ रे, या फोनला कुठून गळती आहे. आणि सगळं पुसून टाक."

"आओ चाचा. क्या दिखाता है ये?"

सांगितलं. टोप म्हटल्यावर हसला. "चाचा, शादी-बिदी का इरादा है क्या?" मग उशीच्या कपड्याचं सांगितलं तर हसायचा थांबला. फोन घेतला, कुठे कुठे बोट फिरवलं. वाचत बसला. गिऱ्हाईक आलं त्याला म्हणाला, बाद में आओ.

"चाचा, यह फोन कौन चलाता है?"

"घरचा आहे. कमळा गाणी ऐकते."

"टाइप कौन करता है?"

"टाइप कोण करणार? ती चौथी शिकलीय. बोलते त्याच्यात, तो माईक असतो ना."

त्याने फडकं घेतलं. काच पुसून फोन माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, प्रसाद देतात तसा. "चाचा, मैं डिलीट नहीं करूँगा. इसमें तारीखें हैं. आप घर जाओ, चाची के पास बैठो."

मी म्हटलं, तुला येत नसेल तर सांग. तर म्हणाला, "हाँ साईं, नहीं आता." येत नाय म्हणे! एवढा बोर्ड लावलाय बाहेर.

चाची के पास बैठो. म्हणजे मी काय जत्रेत असतो?

गुरुवार, ५ डिसेंबर

सरकार दंड करेल तेव्हा करेल. मी माझ्या घराचा बंदोबस्त केला.

जुनी पत्र्याची ट्रंक घेतली, आत गोणपाट टाकलं, दाराशी ठेवली. माझ्याकडे रिटायरमेंटच्या वेळचे चार बिल्ले होते. घरात असताना फोन ट्रंकेत. बिल्ला घ्या. लागला तर मला सांगा, मी काढून देतो, काम झालं की परत आत. पाहुणा आला तरी हाच नियम. चावी माझ्या कमरेला.

धर्मेशचं काय नाय, त्याच्या कंपनीत पण फोन लॉकरमधे टाकायला लागतो, आग लागायची भीती. त्याला सवय. करिष्मा ब्लाऊज शिवते, म्हणाली बायकांचे फोन येतात. म्हटलं दार उघडं आहे, बायका येतील. तशीही रविवारी ती माहेरी हळदीला चाललीय, चार दिवस.

कमळा एकदाच बोलली. "अवो, माजा तेवढा र्‍हाव द्या. कुमुदचा फोन यतो."

"कुमुदला काय सांगायचं ते बदलापूरला जाऊन सांग. जातेसच की."

दिला मग. बिल्ला पदराच्या टोकाला बांधला.

शनिवार, ७ डिसेंबर

घर कसं शांत. जाहिरात शून्य. कमळा खिडकीशी बसते. अधूनमधून ट्रंकेकडे बघते. सवय सुटताना माणसाला होतंच, माझी तंबाखू सुटताना मी पण भिंतीला नखं लावायचो.

केस अजून आले नाय तिचे. जूनमधे कुमुदिनीबरोबर तिरुपतीला जाऊन देऊन आली होती. मला न विचारता. तेव्हापासून डोक्यावर पदर घट्ट. देवाला केस देऊन काय मिळतं, मी तेव्हाच बोललो होतो. आणि या वयात ते लवकर परत येत पण नाय.

सोमवार, ९ डिसेंबर

दुपारी ट्रंक थरथरायला लागली. फोन बंद न करता आत टाकला होता, माझीच चूक. सारखा थरथरे. थांबे, परत थरथरे. पत्र्यावर वाजतं ते कानात जातं. काढून स्विच ऑफ केला. कमळा झोपली होती. आता सगळे बंद करूनच आत.

गुरुवार, १२ डिसेंबर

करिष्मा माहेराहून आली. आल्या आल्या म्हणाली, बाबा, आईंचा फोन द्या. दिला. चालू केला. उभ्या उभ्या वाचत होती, मग खाली बसली.

कमळाला कॅन्सर आहे. छातीत. मे महिन्यापासून.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन होतं. महिनाअखेर सांगितलं होतं, एक बेड लवकर रिकामा झाला. सोमवारी फोन केला त्यांनी, मंगळवारी सकाळी आठला भरती व्हा. चारदा केला. मग मेसेज. मग धर्मेशच्या नंबरवर दोनदा. तो लॉकरमधे. सुटल्यावर त्याने अनोळखी नंबर म्हणून उलट लावला, तेव्हा तिकडे कोणी उचलला नाय. बेड दुसऱ्याला दिला.

धर्मेश आला. त्याला कळल्यावर ट्रंक उचलून अंगणात फेकली. तो रडत होता. लग्नात पण रडला नव्हता.

बदलापूरला धवले नव्हतेच. सुया होत्या.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सगळ्यांना माहीत होतं. धर्मेश, करिष्मा, कुमुदिनी. कमलेशला पाच मिनिटांत कळलं. कंपनीला तर कधीपासून. कमळा त्या माईकमधे विचारायची. केस कधी येतील. ऑपरेशननंतर हात वर होतो का. एक बाजू काढल्यावर ब्लाऊज कसा शिवायचा. करिष्माने सगळं दाखवलं मला. मी म्हटलं दाखव. एक प्रश्न असा पण होता : नवऱ्याला कसं सांगायचं.

त्याच्याखाली त्यांनी कसली तरी गादी विकायला ठेवली होती.

सकाळी कमळासमोर बसलो. ती लसूण सोलत होती.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितला व्हता."

"कधी?"

"गेल्या सालच्या दिवालीला. गाठ दाखवली तुमाला. तुमी म्हनालाव, गरम पान्यान शेक. नसता बाऊ करू नको."

मला आठवलं. मी तेव्हा कंदिलाची वायर जोडत होतो.

"मग परत नाय सांगायचं?"

"परत कशाला सांगू? शेकत व्हते ना." लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "सहा महिने शेकला."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १७ डिसेंबर

हॉस्पिटलात नवी तारीख मागायला गेलो. मी, कमळा आणि धर्मेश. धर्मेश रिपोर्टच्या लाईनीत, कमळा रक्त द्यायला आत. मला काउंटरवर उभं केलं. पोरगी होती, नातीच्या वयाची.

"पेशंटचे कोण?"

"नवरा."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"पांढऱ्या."

"पांढऱ्या कुठल्या, आजोबा? नाव. कशाची ॲलर्जी? शेवटचा डोस कधी झाला? वजन किती कमी झालं?"

मागे लाईन होती. एक बाई म्हणाली, "अवो काका, बाजूला व्हा, ज्याला माहीत आहे त्याला बोलवा."

ज्याला माहीत आहे तो खिशात होता. मी फोन काढून त्या पोरीला दिला. तिने त्यातून बघून बघून सगळं लिहिलं. चव्वेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि मला माझ्या बायकोचं वजन सांगता आलं नाय.

नवी तारीख २ जानेवारी.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

ऑपरेशन झालं नाय. आधी परत फोटो काढले. लिव्हरला गेलंय. आता कापून उपयोग नाय म्हणाले.

मी डॉक्टरला विचारलं. एकट्याला गाठून विचारलं. तीन आठवड्यांपूर्वी केलं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजोबा, हे तीन आठवड्यांचं नाहीये. तेव्हा आम्हाला दिसत नव्हतं, एवढंच." म्हटलं खरं सांगा. म्हणाले, "खरंच सांगतोय."

मग दिवाळीपासून धरलं तर? असं मी विचारलं नाय. विचारायला तोंड उघडलं होतं. त्यांना दुसऱ्या पेशंटला जायचं होतं.

येताना रिक्षात कमळा मधे बसली होती, धर्मेश पलीकडे. शिवमंदिराच्या चौकात ती म्हणाली, "मंग आता हात तरी वर होल ना माजा." आणि हसली. धर्मेश बाहेर बघत होता.

रविवार, ५ जानेवारी

धर्मेश माझ्याशी बोलतो. मीठ द्या, दार लावा, एवढं बोलतो.

मी त्याला म्हटलं, डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांनी फरक नव्हता. तो म्हणाला, "हो बाबा. मला पण तेच सांगितलं." आणि कामावर गेला. आज रविवार आहे, त्याला सुट्टी असते.

शुक्रवार, २४ जानेवारी

करिष्माला धवले शिकवते कमळा. खाटेवर पडून. एक ओळ म्हणते, दम लागतो, थांबते. करिष्मा म्हणते, आई, रेकॉर्ड करू का? कमळा म्हणाली, "नको. त्यात शिरला की मंग परत सगल्यांना ठावं." मग म्हणाली, "तुज्या डोस्क्यात जाव दे. तू इसरलीस तं इसर."

करिष्मा चुकते. "मंडपाचा अगुदर म्हन गो, मंग नवऱ्याचा. नवरा कुठं उभा करशील, उकिरड्याव?" दोघी हसत होत्या. मी दारात उभा होतो. या बाया एवढ्या हसतात हे मला माहीत नव्हतं. मी आत गेलो तशा थांबल्या.

धर्मेशने आज स्वतःहून विचारलं. "बाबा, ती तक्रार. ऑनलाइन करता येते. करायची का?" थट्टा नव्हती. फॉर्म उघडून बसला होता. तुमची कोणती माहिती परवानगीशिवाय वापरली गेली, तिथे लिहायचं होतं.

मी म्हटलं, बंद कर ते. तिने परवानगी त्यांना दिली होती. मला कुठे दिली होती?

असं बोललो आणि मलाच कसंतरी झालं. चूक त्यांची आहेच. आजारी बाईला गाद्या विकतात. पण ती त्यांच्याशी बोलत होती म्हणून त्यांना कळलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

जेवण जात नाय. पेज दोन चमचे. हॉस्पिटलातून सांगितलं, घरीच ठेवा, दुखायचं औषध द्या. औषध सहा-सहा तासांनी. नाव पाठ केलंय मी, स्पेलिंगसकट. वजन एकोणचाळीस किलो.

कुमुदिनी आली होती. मला म्हणाली, "भावजी, तुम्ही पण जरा बसत जा तिच्याजवळ." मी बसतो. पण बसून काय करायचं ते येत नाय. उशी सरकव, पंखा कमी कर, पाणी पिते का. पाच मिनिटांत उठतो. काहीतरी दुरुस्त करायला शोधतो. खाटेचा पाय दोनदा ठोकला. तो हलत पण नव्हता.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शिवमंदिराची जत्रा. सकाळपासून लाऊडस्पीकर इथपर्यंत ऐकू येतो. कमळाने धर्मेश आणि करिष्माला दमदाटी करून पाठवलं, "जाव, पाया परून या, माज्यापाशी ह्ये हायत." गल्लीत कुत्रं नव्हतं. सगळी मोरिवली तिकडे.

मी औषध दिलं. उशी सरकवली. पंखा कमी केला. उठत होतो.

"बसा," म्हणाली.

बसलो. बाहेर कोणाचा तरी पोरगा पिपाणी वाजवत गेला. मग शांत.

"काय तरी इचारा," म्हणाली.

"काय विचारू?"

"कायपन. तो फोन कसा इचारतो तसा."

छत्तीस वर्षं मशीनला विचारलं, कुठं गरम होतंय, कुठून आवाज येतोय. माणसाला कसं विचारतात? मी म्हटलं, "दुखतं का गो?"

"हं."

"कुठं?"

तिने माझा हात धरला आणि ठेवला. जिथे गाठ होती तिथे. मग खाली, बरगडीजवळ. मग पोटावर. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ ठेवायची. मी हात काढला नाय. शेक वगैरे काय बोललो नाय.

मग म्हटलं, "भ्या वाटतं का?"

ती बोलायला लागली. हळूहळू, दम घेत. मेपासूनचं. मग त्याच्याही आधीचं, धर्मेश जन्मायच्या वेळचं, माझ्या आईचं, लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्याचं. माझ्याबद्दल पण. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मी मधे बोललो नाय. सहाचं औषध पंधरा मिनिटं उशिरा दिलं, ती थांबायला तयार नव्हती.

पोरं जत्रेतून आली तेव्हा ती झोपली होती. करिष्माने विचारलं, "काय बोलत होत्या आई?"

मी म्हटलं, काय नाय.

इथे पण लिहीत नाय. ते तिने मला सांगितलंय.